जरा पक्षी बघून येते!

मैत्रिणींनो, आपल्याला घराबाहेर पडायला नेहमी काहीतरी कारण लागतं. भाजी, दळण, बँक, मुलांची शाळा, दवाखाना, देऊळ, बचत गटाची मीटिंग. ही कारणं घरात चालतात. पण "मी जरा तळ्यावर पक्षी बघून येते" असं एकदा म्हणून बघा! सासूबाई चष्म्यावरून बघतील आणि शेजारची विचारेल, "कायले वो बाई, घरी चिमण्या नाही का?" पुरुष माणूस सकाळी तासभर चौकात चहा पीत उभा राहिला तर त्याला कोणी काही विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच की, नुसतं बघायला बाहेर पडणं हेही बाईचं पुरेसं कारण मानलं जावं.

निसर्ग बघायचा म्हणजे महाबळेश्वर नाहीतर काश्मीर, असं आपल्या डोक्यात बसलंय. वर्षातून एकदा टूर, तिथेही डबे आपणच भरायचे. आमच्या बोरगाव मेघेत राहणारीला खरं तर इतकं लांब जायची गरज नाही. पवनारला धामच्या काठी सकाळी बसावं. विनोबांनी 1959 मध्ये तिथे बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, आणि तो काठ अजूनही शांत वाटतो. रोठ्याच्या तलावावर हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस उतरतात. बोर अभयारण्य तर जिल्ह्यातच आहे. 2014 साली ते व्याघ्र प्रकल्प झालं, पण तिथे गेलेली मंडळी वाघ दिसला नाही म्हणून तोंड पाडून परत येतात, याचं मला नवल वाटतं. वाटेतल्या दीडशे पक्ष्यांकडे कोणी मान वर करून बघतच नाही.

आपल्या वर्धेने 2018 मध्ये चक्क मतदान घेऊन शहरपक्षी निवडला. निवडून आला नीलपंख. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच हा. एरवी विजेच्या तारेवर मातकट रंगाचा, मान आखडून बसलेला दिसतो. उडाला की पंखांतली निळाई अशी उघडते की हातातली पिशवी खाली ठेवावी. शेतातले टोळ, किडे खातो म्हणून तो शेतकऱ्याचाही मित्र. देशभरातल्या पक्ष्यांचा 2023 मध्ये जो अहवाल निघाला, त्यात मात्र आधीच्या बारा वर्षांत नीलपंख जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाल्याचं म्हटलं आहे. मत दिलं, आता त्याच्याकडे बघायला नको का?

आणि खरं सांगू, पक्ष्यांचे संसार बघताना आपल्याला जी गंमत वाटते ती पुरुषांना वाटायची नाही! सुगरण हे नाव बाईचं, पण खोपा विणतो नर. मादी येते, आत डोकावून तपासते, पसंत नसेल तर सरळ निघून जाते. बिचारा पुन्हा दुसरा विणायला घेतो. शिंगाड्याच्या तळ्यातला कमळपक्षी बघा. अंडी घालून मादी मोकळी, उबवायची आणि पिल्लं सांभाळायची ती नराने. धनेशाचं वेगळंच. उन्हाळ्यात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर दिवसभर उंबराची, वडाची फळं आणून तिला त्या फटीतून भरवतो. बाळंतपणात एवढं कोणी केलंय का आपलं, असं आमच्या गटातल्या एकीने विचारलं तेव्हा सगळ्या पोट धरून हसल्या. मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

यासाठी दुर्बीण घ्यायलाच हवी असं नाही. आधी आपले डोळे पुरतात, मागाहून मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश वाचनालयातून आणावा. मुलांच्या मोबाईलमध्ये आवाजावरून पक्षी ओळखणारं मोफत ॲपही घेता येतं. मोबाईल त्यांचाच, त्यामुळे तेही बरोबर येतात.

अडचण वेगळीच आहे. तळ्याच्या काठी बाईला बसायला बाक नाही, वाटेवर दिवा नाही आणि शौचालय तर नाहीच. पाणी न पिता किती वेळ फिरणार? "बायका येतच नाहीत तिकडे" हे उत्तर मी ऐकलंय. सोय नाही म्हणून जात नाही, जात नाही म्हणून सोय नाही! ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. तिथे नळ आणि नालीबरोबर तळ्याकाठचा बाक आणि शौचालयही मागायला काय हरकत आहे? आता निम्म्या जागांवर आपल्याच बायका बसतात, त्यांनाच तळ्यावर घेऊन जावं.

5 ते 12 नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. 5 तारीख चितमपल्लींच्या जन्माची, 12 तारीख सालिम अलींच्या. तोवर ऊन उतरलेलं असतं, पाहुणे पक्षी यायला लागतात. चौघीजणी मिळून सहाला निघावं, भडक साडी नको, गप्पा हळू. परत यायला साडेआठ वाजतील. तेवढ्यात घरच्यांनी चहा आपापला करून घ्यावा.