शिपायाने घरी परतावे काय?

सैन्यातील मुदत पुरी करून एखादा जवान गावी परतला म्हणजे अलीकडे त्याची मिरवणूक निघते. कर्जत अगर खोपोली स्टेशनावर गाडीतून उतरताच गळ्यात हार पडतात, उघड्या जीपमधून त्यास वेशीपर्यंत नेतात, ढोलताशे वाजतात आणि नाक्यावर त्याच्या छायाचित्राचा भलामोठा फलक लागतो. हे सर्व योग्यच होय आणि त्यास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. ज्याने सतरा वर्षे बर्फात आणि वाळवंटात काढली त्याच्या गळ्यात गावाने एक हार घातला तर त्यात अधिक ते काय झाले? परंतु हार सुकतात, फलक पहिल्या पावसात फाटतो, आणि महिन्याभरात तोच जवान आमच्यासारख्या वकिलाकडे येऊन हळूच विचारतो की, साहेब, मी येथे राहू की पुण्याला एखादी खोली घेऊ? या प्रश्नाचे उत्तर एकट्या शिपायाने द्यावयाचे आहे असे सर्वजण धरून चालतात. आमच्या मते ते अर्धेअधिक गावानेच द्यावयाचे आहे, आणि गाव ते देत नाही हीच आमची तक्रार आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की शिपायाची निवृत्ती म्हणजे कारकुनाची निवृत्ती नव्हे. कारकून पेन्शनीत निघतो तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले असतात, मुलींची लग्ने उरकलेली असतात, आणि पुढील आयुष्याचा कार्यक्रम म्हणजे औषधाची बाटली व वर्तमानपत्र. साधा शिपाई मात्र पंधरा वर्षांच्या नोकरीने पेन्शनीस पात्र होतो व बहुधा चाळिशीच्या आतच घरी येतो. त्याची मुले अजून शाळेत असतात, बाहूंत बळ असते, आणि पुढे निदान वीस वर्षांचे कर्तेपण शिल्लक असते. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेने तर हा प्रश्न आणखी अलीकडे ओढला. चार वर्षांनी बाहेर पडणारा अग्निवीर पंचविशीच्या आसपास, लग्नही झालेले नसता, हाती योजनेच्या वेळी जाहीर झालेले सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन आणि पेन्शनवाचून घरी येणार. त्याच्या मिरवणुकीनंतरचा महिना कसा असेल याचा विचार आमच्या किती ग्रामपंचायतींनी केला आहे?

हा प्रश्न आजचा नाही. कोकणातील शिपायांस तो सव्वाशे वर्षांपूर्वीही पडला होता, आणि त्यांनी त्यास दिलेले उत्तर आम्हांस लाजविणारे आहे. दापोली ही इंग्रजांची जुनी छावणी; अद्यापि पत्त्यावर लोक 'कॅम्प दापोली' असे लिहितात. ज्या जातींस गावात पाणवठ्यास शिवण्याची मुभा नव्हती त्या जातींतील सैनिक पेन्शनीत निघाले म्हणजे आपल्या गावी न जाता या छावणीच्या आश्रयाने राहणे पसंत करीत. आमच्याच जिल्ह्यातील, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले ते दापोलीस राहिले. तेथूनच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली, आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १८९५ साली महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांस त्यांच्याबरोबर एका बैठकीस बसणे रुचले नाही. सरकारच्या पलटणीत ज्याच्या खांद्यास खांदा लावून लोक लढले, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसण्यास महाडचे प्रतिष्ठित कचरले!

दुसरे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे, परंतु या दृष्टीने ते क्वचितच पाहिले जाते. सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. महू येथून १८९४ साली ते निवृत्त झाले, पण आंबडव्यास स्थायिक झाले नाहीत. कुटुंब दापोलीस आले, तेथे कायम राहण्याचा विचार होता, तोही बदलला, आणि मंडळी साताऱ्यास गेली. त्यांचे चिरंजीव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत या बदलास काही कारणे घडली एवढेच सांगून तो विषय सोडला आहे. कारणे काय असतील ते वाचकांनी आपल्या मनाशी ताडून पाहावे. सुभेदार हा हुद्दा छावणीच्या फाटकापर्यंतच खरा होता. फाटकाबाहेर पडताच गाव त्यास जुन्या जागी उभे करण्यास तयारच बसलेले होते. अशा गावी कोणी का परतावे? रामजी सुभेदार परतले नाहीत, यात देशाचा लाभच झाला. आंबडव्याची हानी किती झाली ती मोजण्यास माप नाही.

आता काळ पालटला हे खरे. अस्पृश्यता राज्यघटनेने नष्ट केली, आणि कर्जत-खालापुरात शिपायास पाणवठ्यावरून कोणी हाकलीत नाही. तथापि त्यास परत न घेण्याची एक नवी रीत निघाली आहे. तिच्यात शिवीगाळ नसते, बहिष्कार नसतो; ती सातबाऱ्याच्या उताऱ्यावर चालते.

आमच्या वकिलीच्या अनुभवात हा प्रकार इतक्यांदा आला आहे की त्यास आता नमुनाच म्हटले पाहिजे. वडील वारले तेव्हा मुलगा सरहद्दीवर होता. वारसांची नोंद झाली ती थोरल्या भावाच्या नावे, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून. मुलगा रजेवर आला, भावाने कागद पुढे केला, त्याने न वाचता सही केली. कारण पलटणीत वरिष्ठाने पुढे केलेल्या कागदावर सही करण्याची सवय, आणि घरी थोरला भाऊ हाच वरिष्ठ. तो कागद हक्कसोडपत्राचा होता हे त्यास दहा वर्षांनी, निवृत्त होऊन आल्यावर कळते. मध्यंतरी त्या जमिनीस कुंपण पडलेले असते व आत एखाद्या मुंबईकराचे फार्महाऊस उभे असते. अशा एका हवालदारास आम्ही विचारले की, इतकी वर्षे उतारा का पाहिला नाही? तो म्हणाला, "दादाच्या नावावर आहे म्हणजे माझ्याच नावावर की!" या वाक्यातील भोळेपणाची थट्टा करण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही. ज्या विश्वासावर पलटण चालते त्याच विश्वासाने तो बोलत होता.

कायद्याने शिपायाची काळजी घेतलीच नाही असे नाही. विशेष अथवा युद्धाच्या परिस्थितीत सेवेवर असणाऱ्या शिपायाविरुद्ध दिवाणी दावा त्याच्या पश्चात पुढे रेटता येऊ नये अशी तजवीज १९२५ च्या कायद्यात आहे. १९४८ च्या कूळकायद्यात १९६४ साली एक स्वतंत्र प्रकरण घालून सैनिक जमीनमालकास कुळाकडून जमीन परत मिळविण्याची खास सोय करण्यात आली. सीमेवर उभा असल्यामुळे जो नांगर धरू शकत नाही त्यास, तू जमीन कसत नाहीस, असे म्हणून बेदखल करणे अन्यायाचे, हे तत्त्व त्यामागे होते. परंतु ही सर्व ढाल कुळाविरुद्ध व परक्याविरुद्ध आहे. सख्ख्या भावाविरुद्ध, आणि स्वतःच्या सहीविरुद्ध, कोणता कायदा शिपायास तारणार?

याहून एक सूक्ष्म धोका आहे, तो आमच्या पुष्कळ वाचकांसही ठाऊक नसेल. त्याच कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसास सरकारी परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्या शिपायाने आपला शेवटचा गुंठा विकला, तो उद्या पेन्शनीचे पैसे घेऊन आपल्याच गावात शेत विकत घेऊ म्हणेल तर त्यास प्रथम शेतकरी असल्याचा पुरावा विचारतील! दुसऱ्या कोठल्या तरी तालुक्याचा उतारा खिशात घालून आलेला शहरी गृहस्थ येथे शेतकरी ठरतो, आणि ज्याच्या आजोबांनी ती खाचरे बांधली तो ठरत नाही.

आता कोणी म्हणेल की, दोन एकर भातखाचरात आहे काय? मृगापासून कार्तिकापर्यंत एक पीक, राजनाल्याचे पाणी ज्या थोड्या गावांस मिळते तेथे उन्हाळी भात, आणि बाकी वर्षभर हात जोडून बसणे. हे म्हणणे खोटे नाही. केवळ भातावर संसार चालत नाही, आणि म्हणूनच कर्जत-खालापुरातील लहान शेतकरी आजारपण, लग्न अगर शिक्षण निघाले की दलालाचे तोंड पाहतो. द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाल्यापासून तर दलालास बोलवावेही लागत नाही. परंतु याच ठिकाणी आमच्या प्रतिपादनाचा मुख्य मुद्दा येतो. साऱ्या गावात ज्यास जमीन विकण्याची सक्ती नाही असा लहान खातेदार एकच असतो, आणि तो म्हणजे पेन्शनर शिपाई. त्याचे पेन्शन दरमहा बँकेत येते, २०१५ साली मान्य झालेल्या 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' या तत्त्वाने ते पूर्वीपेक्षा बरेही आहे, आणि औषधपाण्याचा खर्च माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेवर पडतो. कर्जत हे मुंबईच्या अश्विनी आणि पुण्याच्या कमांड, या दोन्ही लष्करी इस्पितळांच्या मध्ये पडते, ही सोय मराठवाड्याच्या शिपायास कोठे? ज्यास पोटासाठी शेत पिकवावयाचे नाही त्यास ते राखता येते, कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे नवे बियाणे लावून पाहता येते, बांधावर काजू-आंबा लावून दहा वर्षे थांबता येते. थांबता येणे ही आज आमच्या तालुक्यांत सर्वांत दुर्मिळ ऐपत झाली आहे. तेव्हा शिपायाने परतावे काय, यापेक्षा, शिपायास परतू न देणे गावास परवडेल काय, असा प्रश्न विचारणे सयुक्तिक होईल.

व्यापारी व कारखानदार वाचकांसही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. तीसपस्तीस जवान ज्याच्या शब्दावर हलत तो नायब सुभेदार आज खोपोलीच्या रस्त्यास कोणाच्या तरी फाटकावर वही घेऊन गाड्यांचे नंबर लिहिताना दिसतो. काम हलके नाही, ते करणाराही हलका नाही. पण माजी सैनिक म्हटला की फाटक, याखेरीज दुसरी कल्पना आमच्या व्यापाऱ्यांस सुचू नये हे आश्चर्य आहे. ज्याने तोफखान्याच्या ट्रकांचा ताफा लेहपर्यंत चालता ठेवला त्यास तुमची चार वाहने सांभाळता येणार नाहीत काय? ज्याने रेजिमेंटच्या कोठाराचा हिशेब पैपैने दिला त्यास गुदामाच्या किल्ल्या देण्यास भीती कसली? बाहेरगावचा व्यवस्थापक दुप्पट पगारावर आणावयाचा आणि गावचा सुभेदार दारावर उभा करावयाचा, यात शहाणपण तर नाहीच, काटकसरही नाही.

परतणाऱ्यांचे आदर्श म्हणून राळेगणसिद्धीचे उदाहरण नेहमी दिले जाते. सैन्यात वाहनचालक असलेले अण्णा हजारे १९७५ साली निवृत्त होऊन गावी आले, स्वतःचे पैसे घालून यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि पुढे पाणी अडवून गाव उभे केले. हे कार्य मोठे आहे. परंतु ते अविवाहित होते. चार मुलांच्या बापाने पेन्शन देवळात घालावे असे आम्ही म्हणणार नाही. शिवाय दारुड्यांस खांबाला बांधून मारण्याची जी शिस्त तेथे एके काळी चालली ती आम्हांस मान्य नाही. गाव ही पलटण नव्हे, आणि सुभेदारास येथे हुकूम देण्यापूर्वी ग्रामसभेत हात वर करून मत मागावे लागते हे त्यास लवकर उमजलेले बरे. साताऱ्याच्या अपशिंग्यात, ज्या गावास लोक 'मिलिटरी'च म्हणतात, परतलेल्या शिपायास बोलण्यास शेजारी दुसरा शिपाई सापडतो. आमच्याकडे बहुतेक गावांत तो एकटाच असतो. त्याचे बोलणे तुटक वाटते, वेळेचा आग्रह चमत्कारिक वाटतो, आणि संध्याकाळी पारावर त्याच्या वाट्यास एकच प्रश्न येतो की, कॅन्टीनची बाटली आणली काय? या एकटेपणाने किती चांगली माणसे त्या बाटलीच्याच आहारी गेली हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

सरतेशेवटी ज्या व्यक्तीस या बाबतीत कोणीच विचारीत नाही तिच्याविषयी. शिपायाची बायको एक तर सतरा वर्षे सासरी एकटीने राबलेली असते, अगर नवऱ्याबरोबर छावण्या फिरून मुलांस केंद्रीय विद्यालयात शिकवीत आलेली असते. पहिलीस परतण्याचा अर्थ वेगळा आणि दुसरीस वेगळा. मुले दहावी-बारावीत असता त्यांस उचलून वाडीवर आणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि तिने नाही म्हटले तर ती माजली असे बोलणे हा तिच्यावर. तिने नकार दिल्यास कर्जत अगर खोपोली शहरात बिऱ्हाड करावे. तेथून शेत तासाभराच्या वाटेवर राहते व शाळाही सुटत नाही. मात्र वाटप करून घेतल्यावाचून स्वस्थ बसू नये, आणि ते निवृत्तीनंतर नव्हे, सेवेत असतानाच, भावाशी गोडी आहे तोवर, तहसीलदारापुढे जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखाली करावे. त्यात बहिणीचा हिस्सा वगळू नये. २००५ पासून तो भावाच्या बरोबरीचा आहे, आणि स्वतःवरील अन्यायाची दाद मागणाऱ्याने बहिणीवर तोच करणे शोभत नाही. गणपतीस रजेवर येणाऱ्या जवानांनी हे एक काम करावे. तोपर्यंत उतारा पाहावयास चावडीवर जाण्याचेही कारण नाही. लडाखच्या ठाण्यावर बसून तो मोबाइलवर दिसतो. त्यावर आपले नाव आहे की नाही एवढे आज रात्रीच पाहावे, आणि नसल्यास दादास फोन करावा.