दारूचा महसूल सरकारचा, दवाखान्याचं बिल कुणाचं?

२०१७ साली जीएसटी आला तेव्हा पिण्याची दारू त्यातून वगळली गेली. दारूवरच्या कराचा पैसा हातचा सोडायला राज्यं तयार नव्हती. हा पैसा दर वर्षी अर्थसंकल्पात दिसतो. दारूपायी दवाखान्यात जाणारा पैसा मात्र कुठल्याच अर्थसंकल्पात एकत्र दिसत नाही. तो घराघरांतून जातो, मंगळसूत्र गहाण ठेवून, बचत गटाचं कर्ज काढून.

'एम्स'च्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो, दाखल होऊन उपचार १८० पैकी एकाला. चंडीगढच्या पीजीआयमधील संशोधकांच्या अभ्यासात २०११ ते २०५० चा हिशेब मांडला आहे. यकृताचे आजार, कर्करोग आणि रस्ते अपघात एवढेच धरले, त्यांवरचा उपचार आणि बुडालेलं उत्पन्न मोजलं, तरी दारूवरचा कर वजा जाता तोटा दर वर्षी जीडीपीच्या सरासरी १.४५ टक्के निघतो. 'दारूमुळेच तिजोरी भरते' हे म्हणणं या हिशेबात टिकत नाही.

मग तोटा भरतं कोण? आरोग्य विम्याच्या पॉलिसीतली वगळलेल्या बाबींची यादी वाचा. त्यात बारावा कोड व्यसनाचा: दारूच्या व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम, दोन्हींचा खर्च मिळणार नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून नातेवाइकांच्या दवाखान्याच्या फायली माझ्याकडे येतात. तुमच्याकडेही येत असतील. मी आधी पाहते ती 'अल्कोहोलिक' ही नोंद, कारण त्या एका शब्दावर क्लेम अडतो.

फायलीबाहेर तोच शब्द जातीला चिकटवला जातो. 'त्यांच्यात पितातच' असं म्हणणारे हे विचारत नाहीत, की गटारात उतरणाऱ्याला शुद्धीत राहून तो वास सोसवेल का. तेवढीच दारू प्यायली तरी गरिबाची हानी जास्त होते, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. व्यसन हा आजार आहे, हे श्रीमंताच्या बाबतीत सगळ्यांना पटतं. आपल्या बाबतीत तो स्वभाव ठरतो.

दारूबंदी हे यावरचं उत्तर नाही. बिहारमध्ये २०१६ पासून बंदी आहे. तिची झळ मुख्यतः गरिबांनाच बसते, असं पाटणा उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदीला विरोध केला होता. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. यात मला विसंगती दिसत नाही. प्रतिज्ञा माणसाने स्वतः घ्यायची असते. सरकारने त्याच्या दारात पोलीस नव्हे, दवाखाना पोचवायचा असतो. दारूबंदीसाठी ज्याचा दाखला देतात, त्याच संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य सांगितलं आहे.

म्हणून मागणी साधी आहे. दारूच्या महसुलातला ठरावीक वाटा उपचारासाठी राखून ठेवा, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या मोफत खाटा द्या, विम्यातली ती अट काढा.

आपल्याला अर्ज लिहिता येतो. माहिती अधिकारात दोनच आकडे मागा: गेल्या वर्षी आपल्या जिल्ह्यातून दारूचा महसूल किती गोळा झाला आणि त्याच जिल्ह्यात व्यसनमुक्तीवर किती खर्च झाला. उत्तर आलं की दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून वस्तीत वाचून दाखवा.