ही झिंग कुणाच्या बापाची?

घाम गाळला की आनंद होतो, असं गोदीत पोती वाहणाऱ्याला कुणी सांगू नये. आठ तास पाठीवर ओझं घेऊन मला कसली झिंग येत नाही. झोप येते. वही उघडली की अक्षरं मुंग्यांसारखी पांगतात. मागं एक साहेब म्हणाला, "तुम्हाला काय, रोजचा व्यायामच!" च्यायला, मजुरी म्हणजे व्यायाम?

पण मित्रांनो, झिंग खोटी नाही. दिवाळीत गावी, चुडाव्याला गेलो होतो. आमची पोरं पहाटे चारला भरतीसाठी पळतात. मीही निघालो. अर्धा तास छातीचा भाता, पोटात कळ. मग एकाएकी पाय माझे राहिलेच नाहीत. धुक्यातनं नांदेडकडची गाडी धडधडत गेली अन् मी मोठ्यानं हसलो.

"काय झालं दादा?"

"चढली रे."

"इतक्या पहाटं?"

याचं श्रेय बरीच वर्षं एंडॉर्फिनला देत आले. पण ते रक्तातनं मेंदूत सहजी शिरत नाही. २०२१ साली हॅम्बुर्गच्या संशोधकांनी औषध देऊन एंडॉर्फिनचा परिणाम रोखला आणि माणसं ४५ मिनिटं पळवली. झिंग तरीही आली. आता संशय आहे तो शरीर स्वतःच बनवतं त्या गांजासारख्या द्रव्यांवर. त्यातलं एक १९९२ साली सापडलं. नाव ठेवलं आनंदामाइड, संस्कृतातल्या 'आनंद'वरून. जी भाषा आमच्या आज्या-पणज्यांच्या कानावर पडू दिली नाही, तिचा आनंद त्यांच्या रक्तात होताच की!

अमेरिकेतल्या संशोधकांच्या, २०१३ साली छापलेल्या एका प्रयोगात पळणाऱ्यांच्या रक्तात ही द्रव्यं मध्यम वेगालाच ठळक वाढली. फार हळू नाही, जीव तोडूनही नाही. आता सांगा, गोदीत वेग कोण ठरवतो? मुकादम. चुडाव्याच्या वाटेवर? मी. फरक इथंच आहे, असं माझं म्हणणं, प्रयोगशाळेचं नव्हे.

२००४ पासून मुंबईत मॅरेथॉन होते. बेचाळीस किलोमीटर पळून लोक रडतात, हसतात. त्यांच्यावर माझा राग नाही. पळावं त्यांनी. पण त्यांची झिंग पेपरात छापून येते आणि आमच्या पोरांना ती आलेली कळतसुद्धा नाही, कारण त्यांची नजर घड्याळावर. सोळाशे मीटर, वीस मार्क. यादीत नाव नाही लागलं की दुसऱ्या दिवशी बूट खुंटीला. म्हणजे नोकरी गेली ती गेली, वर ही फुकटची, स्वतःची चीजही आपल्याच हातानं टाकून द्यायची?

परवा त्यातल्याच एकाचा फोन आला. नाव लागलं नाही. मी विचारलं, पळतोस का? म्हणाला, "आता कशाला?" मी म्हणालो, उद्या पहाटे रुळापर्यंत जा, घड्याळ घरी ठेव, आणि आल्यावर मला फोन कर.

अजून आला नाही.