जुन्या पिकअपचा मागील आस आणि दुरुस्तीची घाई

बैलगाडीचा आस कुरकुरू लागला की शेतकरी आधी वंगण पाहत असे. जुन्या पिकअपच्या बाबतीत हा क्रम उलटा झालेला दिसतो. मागून घरघर ऐकू आली की थेट क्राउन-पिनियन बदलण्याची भाषा सुरू होते. लासलगावला कांदा पोहोचवण्याच्या ऐन हंगामात ही घाई समजण्यासारखी असली, तरी समर्थनीय नाही.

आवाज केव्हा येतो, यातच निदानाचा मोठा भाग असतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना सूर बदलत असेल, तर संशय क्राउन-पिनियनवर घ्यावा. अ‍ॅक्सिलरेटर कसाही असो, वेगाबरोबर घरघर वाढत असेल तर चाकाचे बेअरिंग तपासावे. गाडी निघताना ‘खट्’ झाले, तर बहुधा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच सूर बदलला, तर दोष टायरचा, आणि मोठा खर्च वाचला.

त्यानंतर हाउसिंगचे ऑइल काढून पाहावे. बारीक राखाडी पूड ही नेहमीची झीज. धातूचे तुकडे आढळले तर मात्र गाडी भरून नेऊ नये. क्राउन व पिनियन जोडीनेच बदलावेत आणि त्यांच्या दातांमधील मोकळीक डायल गेजनेच मोजावी. हाताच्या अंदाजाने बसवलेली नवी जोडीही आवाज करते. सील गळत असेल तर ब्रीदर तुंबला आहे का, हे आधी पाहावे. गळलेले ऑइल ब्रेक लायनरवर पोहोचले तर भरलेल्या गाडीला घाट उतरणे धोक्याचे ठरते.

ट्रॅक्टर देखभालीच्या प्रशिक्षणात विस्तार कार्यकर्त्यांनी या विषयासाठी अर्धा दिवस राखावा. डायल गेज गावच्या अवजार बँकेतही ठेवता येईल.