संत्र्याची साल आणि भांडवलाची अट

बेल्जियममधल्या होगार्डन या गावाची गव्हाची पांढरी बिअर एके काळी प्रसिद्ध होती. 1957 मध्ये तिथला शेवटचा कारखाना बंद पडला आणि ती बिअर बाजारातून नाहीशी झाली. त्या कारखान्यात हाताखाली काम केलेल्या पिएर सेलिस या दूधवाल्याने 1965-66 च्या सुमारास घरच्या गवताच्या माळ्यावर ती पुन्हा करून पाहिली. पाणी, गहू, यीस्ट, हॉप्स, धने आणि वाळवलेली संत्र्याची साल एवढीच त्याची सामग्री. आज जगभर विकल्या जाणाऱ्या एका बिअरप्रकाराचा दुसरा जन्म असा घरगुती खटाटोपातून झाला. हाच खटाटोप सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यात कोणी केला, तर चव घ्यायची वेळ येण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाचे पथक दारात येऊ शकते, आणि कायद्याने ते बरोबरच ठरेल. त्या कायद्यात बदल हवा, असे माझे मत आहे.

1949 चा दारूबंदी कायदा अजूनही राज्याच्या मद्यधोरणाचा पाया आहे. त्यात ‘दारू’ या एका शब्दात स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सगळेच द्रव येतात. परवान्याशिवाय यांतले काहीही बनवणे गुन्हा आहे. मग ते डोंगरकपारीत पिंपे लावून गाळलेले असो की घरात वीस लिटरच्या भांड्यात आंबवलेले. प्रत्यक्षात सरकार हा फरक ओळखते. बिअर आणि वाइन पिण्याचे वय 21, बाकी मद्याचे 25. द्राक्ष-वाइनसाठी 2001 पासून वेगळे धोरण. बिअरच्या बाबतीत प्रयोगाची मुभाही दिलेली आहे, पण ती मायक्रोब्रुअरीला. पुण्यात 2009 मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा जागा वाढत गेल्या. तिथला ब्रुअर आज आंबा घालतो, उद्या कोकम, परवा संत्र्याची साल, आणि त्याचे कौतुक होते. जागा, यंत्रे, परवाना शुल्क आणि उपाहारगृह यांचा खर्च पेलणाऱ्याला जे कल्पकता म्हणून शोभते, तेच तालुक्याच्या गावातल्या कृषी पदवीधराने केले तर फौजदारी होते. पिण्यावर बंधन असावे की नसावे, हा वाद वेगळा. शिकण्यावर भांडवलाची अट का, एवढाच माझा प्रश्न आहे.

हे शिकणे किती बारकाव्याचे असते, ते सालीवरूनच पाहावे. संत्र्याचा सुगंध असतो तो वरच्या केशरी थरातल्या तेलाच्या बारीक पिशव्यांत. त्या तेलाचा बहुतांश भाग म्हणजे लिमोनिन. खालचा पांढरा पापुद्रा कडू, शिवाय त्यातल्या पेक्टिनमुळे बिअर गढूळ होऊ शकते. म्हणून ताजी साल वापरायची तर फक्त केशरी थर किसून घ्यायचा. वाळवलेल्या सालीतले हलके सुगंधी तेल बरेचसे उडून गेलेले असते. मागे राहतो कडवटपणा आणि मुरंब्यासारखी जड चव. बेल्जियन पद्धतीत तीच हवी असते, कारण तिथे कुरासाव बेटावरच्या कडू संत्र्याची साल लागते. आपले नागपुरी संत्रे, ज्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जातीचे नाही. ते गोड आणि ढिल्या सालीचे. फळ सोलल्यावर ती मऊ साल किसणीवर धरता येत नाही, त्यामुळे किसायचे ते अख्ख्या फळावरच. त्यावर मेण किंवा फवारणीचा अंश असेल तर कोमट पाण्यात घासून धुणे आले. किसलेली साल उकळत्या रसात शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकायची की आंबवण झाल्यावर, वीस लिटरला पंधरा ग्रॅम पुरते की तीस, आंबिया बहाराचे फळ बरे की मृगाचे, याची उत्तरे बेल्जियमच्या पुस्तकात मिळणार नाहीत. ती करून पाहूनच मिळतात, आणि अनेकांनी थोड्या-थोड्या प्रमाणात करून पाहिले तर लवकर मिळतात. विदर्भातला रस-उद्योग सालींचे ढीग मागे सोडतो. त्यांतल्या काहींना मसाल्याचा भाव मिळायचा असेल तर आधी कुणीतरी ही चव बसवलेली असली पाहिजे.

करमाळ्यात संत्र्याच्या मोठ्या बागा नाहीत, मग इथल्यांना याचे काय, असे कोणी विचारील. इथे उजनीच्या पाण्यावर ऊस आहे, कंदरकडची निर्यातीची केळी आहेत आणि कोरडवाहू पट्ट्यात रब्बी ज्वारी आहे. नायजेरियाने 1988 मध्ये बार्लीच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या बिअर-कारखान्यांना ज्वारीकडे वळावे लागले आणि ज्वारीची बिअर मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. आपल्या शाळूचे माल्ट कसे उतरेल, त्यावर संत्र्याची साल शोभेल की लिंबाची, हे तपासायला सोलापूर जिल्ह्याइतकी योग्य जागा कोणती?

एक गंभीर आक्षेप याच जिल्ह्यातून येतो. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने ‘ऑपरेशन परिवर्तन’ राबवले. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर पोट असलेल्या कुटुंबांना दुसऱ्या रोजगाराकडे वळवले. त्या कष्टांवर पाणी पडेल, असे कोणीही करू नये. पण हातभट्टी आणि बिअर यांची कृतीच वेगळी आहे. हातभट्टीत गूळ, नवसागर वगैरेंचे रसायन आंबवून ते उकळतात आणि वाफ थंड करून अल्कोहोल गाळून घेतात. बिअर गाळून तीव्र केली जात नाही. आंबली की तिथेच थांबते, साधारण पाच टक्क्यांवर. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसे विषारी दारूने दगावली ती मिथेनॉलमुळे, आणि तो औद्योगिक वापराचा होता. सालीतल्या पेक्टिनपासूनही अत्यल्प मिथेनॉल निघतो हे खरे, पण तसा तो फळांच्या रसातही असतो आणि ऊर्ध्वपातन न करता त्याची घातक मात्रा जमत नाही. म्हणून बंदी ऊर्ध्वपातनावर कडक ठेवावी, किंबहुना आहे त्याहून कडक करावी. गाळण्याचे यंत्र लपवायला अवघड आणि ओळखायला सोपे असते, त्यामुळे पोलिसांची अडचण यातून वाढेल असे वाटत नाही.

दुसरा आक्षेप घरातल्या बाईचा आहे आणि तो मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. दुकान बंद करायला मतदान करता येते, घरातले पिंप कशाने बंद करायचे? व्यसनी माणूस माल्ट आणि हॉप्सचा खर्च करून तीन-चार आठवडे थांबत नाही, कोपऱ्यावर देशी स्वस्त आणि तत्काळ मिळते, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. म्हणून जिथे महिलांनी मतदानाने बाटली आडवी केली आहे तिथे घरगुती बिअरलाही परवानगी नसावी, आणि नोंदणीसाठी घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची लेखी संमती लागावी. ही अट काहींना जाचक वाटेल. वाटू दे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1978 मध्ये सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअर करमुक्त झाली. मर्यादा होती एका प्रौढामागे वर्षाला शंभर गॅलन, घरामागे दोनशे, आणि विक्रीला बंदी. तेव्हा त्या देशात बिअरचे कारखाने शंभराच्या आत होते, आज नऊ हजारांच्या वर आहेत. त्यांतले कितीतरी संस्थापक आधी घरी बिअर करत होते. मात्र मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी 2013 पर्यंत आपली बंदी उठवली नव्हती, कारण शेवटचा अधिकार राज्यांचा होता. आपल्याकडेही मद्य हा राज्यसूचीतला विषय आहे, तेव्हा दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. विधिमंडळात कायदा बदलण्याआधीही एक वाट आहे. दारूबंदी कायद्याचे कलम 139 सरकारला सूट देण्याचे अधिकार देते आणि बलसारा खटल्यात 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिकार टिकवले. त्याखाली एखाद्या जिल्ह्यापुरती, दोन वर्षांची सूट काढता येईल: नोंदणी तहसील पातळीवर, महिन्याला वीस लिटरची मर्यादा, विक्री केल्यास नोंदणी कायमची रद्द. सुरुवातीला सोलापूर घ्यावा. इथे ज्वारी आहे, द्राक्षे आहेत, आणि हातभट्टी कशी ओळखायची हे इथल्या पोलिसांना चांगले माहीत आहे.