गोधडीची किंमत काय लिहायची?

मा. मुख्य पोस्टमास्तर जनरल, महाराष्ट्र परिमंडळ, मुंबई यांस,



मी चिखलीचा, निवृत्त शिक्षक. परदेशी पार्सल करायचं असलं की आमच्या आळीतली माणसं तो कस्टमचा फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. शेगावचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली निघालं. तेव्हापासून जिल्ह्यातली पोरं शिकून कुठं कुठं पोचली. त्यांच्यामागे इथून पापड, शेवया, झबली जातात.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या आजी गोधडी घेऊन आल्या. नातीला अमेरिकेत बाळ झालं होतं. ओट्यावर त्यांनी ती उलगडली. मधोमध हिरवं लुगडं, कडेनं शाळेच्या जुन्या निळ्या शर्टाची पट्टी, आणि सगळीकडे बोटभर अंतरानं धावदोरा. फॉर्मवर रकाने: वर्णन, नग, वजन, किंमत. किमतीपाशी आम्ही अडलो. "याची कायची किंमत, गुरुजी? माह्याच लुगड्याची हाय."

पण शून्य लिहिलं की संशय येतो. तशी गोधडी विकत घ्यायची तर काय पडेल, तो आकडा मी लिहिला. वर्णनात 'कॉटन क्विल्ट, हँडमेड' आणि शोधून काढलेला, वस्तूचा सहा आकडी कस्टम कोड, ९४०४४०. पूर्वी एकदा मी नुसतं 'गिफ्ट' लिहिलं होतं. 'गिफ्ट' हे पाठवण्याचं कारण झालं, वस्तूचं वर्णन नव्हे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते पार्सल दोन महिन्यांनी परत आलं; आतले डिंकाचे लाडू खवट झाले होते.

मग आजींच्या सहीची वेळ आली. सहीच्या वरचं इंग्रजी वाक्य मी त्यांना मराठीत सांगितलं: दिलेली माहिती खरी आहे आणि आत कोणतीही धोक्याची किंवा मनाई असलेली वस्तू नाही, असं मी प्रमाणित करते. ते ऐकून त्या थबकल्या. "मंग पुन्यांदा पाहू द्या," म्हणाल्या आणि पिशवी पुन्हा उघडली. मी सांगितलं नसतं तर त्यांनी न कळताच सही केली असती. साहेब, मला हे गैर वाटतं.

आता तर या चार ओळींवर फार काही ठरतं. ही माहिती पार्सलाच्या आधीच संगणकावरून त्या देशात पोचते. अमेरिकेनं २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतची करमाफी काढून घेतली, त्या सुमारास आपली तिकडची टपालसेवा थांबली आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. तेव्हा १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती, बाकी मालाचा कर पाठवणाऱ्यानं इथंच भरायचा होता. म्हणजे भेटवस्तूच्या चौकोनातली खूण आणि किमतीचा आकडा यांवर म्हातारीच्या पदरचे पैसे ठरणार. ऑस्ट्रेलियाची तऱ्हा निराळी. आपण बाळंतिणीला आळिवाचे लाडू देतो, तसे कच्चे आळीवही पाठवतो. तिथल्या तपासनीसाला ते बी दिसतं, आणि बियांच्या बाबतीत तो देश फार कडक आहे.

१८७६ पासून भारत जागतिक टपाल संघात आहे. फॉर्म तिकडच्या माणसाला वाचता यायला हवा, म्हणून तो इंग्रजीत राहू द्या. माझी मागणी एवढीच की परदेशी पार्सल घेणाऱ्या प्रत्येक पोस्टात खिडकीशेजारी एक मराठी फलक लावा. त्यावर भरलेला नमुना, सहीवरच्या वाक्याचा अर्थ आणि आमच्या घरांतून खरोखर जाणाऱ्या वस्तूंची नावं कोडासकट असावीत. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही त्याचा आधार होईल. मागे रांग असताना त्यानं तरी किती समजावून सांगायचं?

यादीला मी सुरुवात केली आहे. पापड १९०५९०, शेवया १९०२१९, बाळाचं सुती झबलं ६२०९२०, छापील पुस्तक ४९०१९९. सांडगे आणि कुरडया कुठल्या कोडाखाली घालाव्यात, हे मात्र आपल्याच माणसांनी कस्टमला विचारून सांगावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
चिखली, जि. बुलढाणा