बिऱ्हाडासोबत चालणारी संचिका

दिवाळी सरली की केज तालुक्यातले वर्ग विरळ होतात. टोळ्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधारानं आजी-आजोबांजवळ राहतात, उरलेली आईबापांबरोबर फडात जातात. या मुलांनी फोनवर आपल्या आवाजात आपली गोष्ट नोंदवावी, स्वतःच्या कामाची ई-संचिका ठेवावी, असं म्हटलं की पहिला आक्षेप येतो: आधी लिहिता-वाचता येऊ द्या, मग हे सोहळे.

हा आक्षेप मुळातच चुकीचा आहे. विचार अक्षरओळखीची वाट पाहत थांबत नाही. मोळी कशी बांधतात हे नीट सांगू शकणाऱ्या मुलाचं बोलणं उतरवून घेतलं, तर तोच त्याचा वाचनपाठ होतो. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं 1855 साली, कोवळ्या वयात, मांग-महारांच्या दुःखावर लिहिलं आणि ‘ज्ञानोदया’नं ते छापलं. स्वतःच्या जगण्याकडे पाहण्याची परवानगी मिळायला तिला शिक्षण पुरं होण्याची वाट पाहावी लागली नाही.

फोन मुलांना बिघडवतो, हे खरं आहे. पण ते नुसतं पाहत बसण्याबद्दल. दोन मिनिटांची गोष्ट करताना कोणता फोटो ठेवायचा, काय गाळायचं, हे मुलाला ठरवावं लागतं. स्वतःचा आवाज ऐकला की पुन्हा सांगावंसं वाटतं, आणि दुसऱ्या सांगण्यात पहिल्यात नसलेलं काहीतरी सापडतं. जॉन ड्यूईनं शंभर वर्षांपूर्वी चिंतनाला शिक्षणाच्या मध्यभागी बसवलं, ते याचसाठी.

शिक्षकांचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. फोटो काढा, लिंक भरा, अहवाल पाठवा, यातच त्यांचा दिवस जातो. 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि थोड्याच काळात वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या हातोहात फिरू लागल्या. मूल कुणीही असो, वाक्य तेच! ई-संचिकेचं असं होऊ द्यायचं नसेल, तर ती खात्याची नव्हे, मुलाची असली पाहिजे. शिक्षकानं एवढंच विचारावं: मागच्या वेळेपेक्षा आता तुला काय वेगळं दिसतं? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही प्रगतिपुस्तकात मुलाच्या स्वयंमूल्यमापनाला जागा दिली आहे.

स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड देतात. ते हवंच. पण त्यातून नव्या शाळेला मुलाची इयत्ता कळते, मूल कळत नाही. कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर मूल गावी परततं तेव्हा मधले महिने कोरे धरले जातात आणि ते ‘मागे पडलेलं’ ठरतं. त्या महिन्यांत त्यानं टनांचा हिशेब ऐकलेला असतो, उचल फिटते कशी आणि फिटत नाही कशी हे पाहिलेलं असतं, खोपीत धाकटं भावंड सांभाळलेलं असतं. फडातलं बालपण गोड मानावं असं मी अजिबात म्हणत नाही. ते थांबलंच पाहिजे. पण जे घडलं त्याला शब्द देण्याचा हक्क त्या मुलाचा आहे.

याला नेटवर्क लागत नाही. आवाज साध्या फोनच्या मेमरी कार्डावरही राहतो. एक प्रत मुलीजवळ, एक वर्गशिक्षकांजवळ, बस. मुकादमाबद्दल, आईच्या आजारपणाबद्दल ती जे बोलली ते कुणाला ऐकवायचं, हे तिनं ठरवायचं. तिला विचारल्याशिवाय ते शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचा अधिकार मुख्याध्यापकांनाही नाही.